अजिंठ्याचा कोरडा इतिहास आणि वाघूरचे पाणी

आमच्या मराठी विभागाची शैक्षणिक सहल वर्षानुवर्षे डिसेंबर-जानेवारीत निघत आली आहे. दिवाळीची सुट्टी संपलेली असते, परीक्षा अजून लांब असतात, हवा बरी असते. धामणगाव बढे आणि भोवतालच्या खेड्यांतून येणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना अजिंठा जवळचा; आमच्या मोताळा तालुक्याच्या दक्षिणेला जी डोंगराची रांग दिसते, तिचेच नाव अजिंठ्याचे डोंगर. सकाळी भाकरी-ठेचा बांधून निघावे, लेणी पाहावीत आणि दिवेलागणीला घरी परतावे, असा हा प्रवास. या साऱ्या सहलींत आम्ही लेण्यांच्या टोकाशी उभे राहून एक वाक्य न चुकता उच्चारत आलो : "पावसाळ्यात येथे धबधबा असतो." मुले त्या काळवंडलेल्या कड्याकडे पाहत, आम्ही घड्याळाकडे पाहत असू, आणि गट पुढे सरके.

तीन वर्षांपूर्वी परीक्षांचे वेळापत्रक कोलमडले आणि सहल भाद्रपदात न्यावी लागली. निघण्यापूर्वी आमच्यात बरीच कुरबुर झाली. रस्ते चिखलाचे, लेण्यांत अंधार, मुलांचे कपडे भिजणार. अशा दिवसांत शिक्षण काय होणार, हा आमच्यातल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचा प्रश्न होता. तो प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता, कारण त्या दिवशी लेण्यांतल्या चित्रांकडे मुलांचे फारसे लक्ष लागले नाही. परंतु परतीच्या वाटेवर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, एवढे मोठे पाणी समोर असताना आपण वर्गात अजिंठा शिकतो तेव्हा ते कुठेच कसे येत नाही?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

प्रथम त्या स्थळाविषयी. वाघूर नदी (जुन्या नोंदींत वाघोरा) डोंगरमाथ्यावरून खाली येताना एका घळीत उतरते आणि घोड्याच्या नालासारखे वळण घेते. त्या वळणाच्या सुमारे अडीचशे फूट उंच कड्यात लेणी कोरलेली आहेत. घळीच्या वरच्या टोकाला नदी सात टप्प्यांत उडी घेते. प्रत्येक टप्प्याखाली कुंड, म्हणून सातकुंड किंवा सप्तकुंड. फर्ग्युसन आणि बर्जेस यांनी १८८० च्या आपल्या लेण्यांवरील ग्रंथात या सात उड्यांची नोंद केली असून सर्वांत खालच्या उडीची उंची अंदाजाने सत्तर ते शंभर फूट दिली आहे. टप्पे पडण्याचे कारण दख्खनच्या दगडातच आहे. लाव्हाचे थर एकावर एक पसरले. त्यांत काही घट्ट, काही सच्छिद्र आणि मऊ. मऊ थर झिजून आत जातो, घट्ट थर पायरीसारखा पुढे राहतो. लेणी कोरणाऱ्या पाथरवटांनाही याच थरांशी व्यवहार करावा लागला. ज्या कड्याला पाण्याने कोरले त्याच कड्याला माणसांनीही कोरले, असे म्हणताना आम्ही फार काव्यात्म होत नाही. कडा उघडा पडला तो नदीमुळेच, आणि तो उघडा नसता तर छिन्नी लावायला जागाच नव्हती.

भाद्रपदातल्या त्या दिवशी नदी गढूळ आणि जोरकस होती. पहिल्या लेण्यापाशी तिचा आवाज पार्श्वभूमीला होता. सतराव्या-एकोणिसाव्या लेण्यापाशी तो बोलण्याच्या आड येऊ लागला. सव्विसाव्या लेण्याच्या ओसरीत आम्ही व्याख्यान अर्ध्यावर सोडून दिले. काही लेण्यांच्या दर्शनी भागावरून पाण्याचे बारीक पडदे खाली येत होते. आतून बाहेर पाहिले म्हणजे समोरचा हिरवा डोंगर त्या पडद्यातून हलताना दिसे.

आता इतिहासाकडे. अजिंठ्याचा आधुनिक इतिहास आपण सारे २८ एप्रिल १८१९ या तारखेपासून सांगतो. मद्रास सैन्यातला जॉन स्मिथ शिकारीच्या निमित्ताने या घळीत आला, आणि दहाव्या लेण्याच्या खांबावर त्याने आपले नाव व तारीख कोरून ठेवली. त्या काळी लेण्यात माती भरलेली असल्याने ते नाव आजच्या प्रेक्षकाच्या डोक्यापेक्षा बरेच वर आहे. या गोष्टीत वाघ आहे, साहेब आहे, योगायोग आहे. तिच्यातला महिना मात्र कोणी लक्षात घेत नाही. एप्रिलअखेर वाघूर कोरडी असते. पानगळ झालेल्या रानातूनच पलीकडच्या कड्यावरची कमान नजरेला पडू शकते. तोच स्मिथ श्रावणात आला असता तर त्याला ती दिसली असती का, याविषयी आम्हाला शंका आहे. जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून चित्रांच्या प्रतिकृती करण्याचे जे मोठे काम केले, ते हिवाळ्यातील मोहिमांमधून. लेडी हेरिंगहॅम यांची मंडळी, ज्यांत तरुण नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार होते, १९०९-१० आणि १९१०-११ च्या हिवाळ्यांत तेथे राहिली. ज्यांच्या लेखणीने आणि कुंचल्याने अजिंठा जगाला माहीत झाला, त्यांतील बहुतेकांनी तो कोरड्या ऋतूत पाहिला. आमच्या महाविद्यालयाची सहलही, नकळत, त्याच वेळापत्रकावर चालत होती.

याला सन्मान्य अपवाद रॉबर्ट गिल यांचा. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये त्यांना चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमले, आणि ते या परिसरात केवळ हंगामापुरते न येता दीर्घकाळ वास्तव्य करून राहिले. त्यांच्याकडे आम्ही पुढे वळणार आहोत.

स्मिथच्या आधी तेरा-साडेतेराशे वर्षे ज्यांनी या जागेविषयी लिहिले, त्यांचा ऋतू कोणता होता? सोळाव्या लेण्यातील शिलालेख वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचा आहे. म. म. वासुदेव विष्णु मिराशी यांनी त्याचे संपादन करून तो १९४१ मध्ये प्रसिद्ध केला. लेख फार झिजलेला आहे. तरी जेवढा लागतो तेवढ्यात कवीने डोंगराचे वर्णन करताना त्यावर पाण्याने भरलेले मेघ लोंबत असल्याचे आणि तो नागराजाचे वसतिस्थान असल्याचे सांगितले आहे. लेण्याच्या वैशिष्ट्यांत त्याने खिडक्या, चित्रवीथी, अप्सरांच्या मूर्ती यांच्याबरोबर मोठा जलसंचय आणि नागाधिपाचे मंदिर यांचाही निर्देश केला आहे. सतराव्या लेण्याच्या लेखात तेथील दात्याने पाण्याचे टाके खोदविल्याचा उल्लेख असून ते पाणी गोड, हलके, स्वच्छ, थंड आणि विपुल असल्याचे म्हटले आहे. पाण्याला एवढी विशेषणे सहज कोणी लावत नाही. सव्विसाव्या लेण्यातील बुद्धभद्राच्या लेखात डोंगरदऱ्या पक्ष्यांच्या किलबिलाटाने भरून गेल्याचे वर्णन आहे.

कोणी म्हणेल, हे सारे संस्कृत प्रशस्तीचे ठरीव संकेत आहेत. डोंगर म्हटला की मेघ येणार, दरी म्हटली की पक्षी येणार. वर्गात 'वर्णनाचे संकेत' शिकवताना आम्हीही हेच सांगतो. परंतु संकेताचा उपयोग कवी कोठे करतो याला महत्त्व असतेच. दात्याला आपल्या दानाचा गौरव करायचा आहे, आणि त्या गौरवात सजल मेघ, नागाचे ठाणे आणि पाण्याचा साठा ही त्रयी एकत्र येते. जो माणूस वैशाखात त्या घळीत उभा आहे त्याला ही त्रयी सुचणे कठीण. वराहदेवाच्या कवीसमोरचा अजिंठा ओला होता, असे आमचे मत आहे.

त्याला पुष्टी देणारी गोष्ट तर आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे, आणि तरीही अजिंठ्याच्या संदर्भात आपण ती वाक्याच्या कंसात टाकतो. भिक्षूंनी एरवी चारिका करावी, एका जागी राहू नये. केवळ पावसाळ्यात, आषाढी पौर्णिमेनंतरचे तीन महिने, एका ठिकाणी वास करावा, हा वर्षावासाचा नियम. विनयपिटकाच्या महावग्गात या नियमाची जी जन्मकथा आहे ती मोठी हृद्य आहे. पावसाळ्यातही भिक्षू हिंडतात, हिरवे गवत तुडवतात, बारीक जीव मारतात, अशी लोकांनी कुरकुर केली. पाखरेसुद्धा झाडांच्या शेंड्यांवर घरटी करून पावसाळ्यात एका जागी राहतात, मग यांना काय झाले? लोकांचे हे बोलणे ऐकून नियम झाला. पुढे विहार कायम वस्तीचे झाले हे खरे, आणि पाचव्या शतकातील अजिंठ्यात बारमाही भिक्षू असणारच. तरीसुद्धा लेण्यांची मूळ गरज निर्माण झाली ती पावसातून. सातवाहनकाळी, इसवी सनापूर्वीच्या शतकांत, जेव्हा नववे-दहावे लेणे कोरले गेले, तेव्हा ही घळ निवडणाऱ्या मनासमोर चार महिने रस्ते बंद झाल्यावर डोक्यावर घट्ट छप्पर आणि हाताशी पाणी असण्याचा प्रश्न होता. थोडक्यात, ज्या ऋतूसाठी ही जागा होती, तो ऋतू वगळून आपण तिचा इतिहास लिहिला.

याच काळातील आणखी एक मोठे पुस्तक आपल्या अभ्यासक्रमात आहे, ते म्हणजे हालाची 'गाथासप्तशती'. तिच्यातला प्रवासी पाऊस लागण्यापूर्वी घरी पोहोचण्याची घाई करतो आणि त्याची पत्नी आभाळाकडे पाहत बसते. भिक्षू आणि प्रवासी, एक संसार सोडलेला आणि एक संसाराकडे निघालेला. दोघांचेही पाऊल आषाढात थांबते. माहाराष्ट्री प्राकृतातील त्या गाथा आणि अजिंठ्याची ही प्राचीन लेणी आम्ही आजवर दोन वेगळ्या तासिकांना शिकवत आलो, याची आता खंत वाटते.

आता नागाविषयी. सोळाव्या लेण्याकडे चढणाऱ्या पायऱ्यांच्या वाटेवर नागराजाची बसलेली मूर्ती आजही आहे; शिलालेखातील 'नागाधिपाचे मंदिर' ते हेच. एकोणिसाव्या लेण्याबाहेरील नागराज आणि राणी यांचे शिल्प तर प्रसिद्धच आहे. पहिल्या लेण्यात चांपेय्य आणि शंखपाल या नागांच्या जातककथा रंगविलेल्या आहेत. रिचर्ड कोहेन यांनी १९९८ च्या एका निबंधात अजिंठ्यातील नाग आणि यक्षिणी यांचा विचार स्थानिक दैवते म्हणून केला आहे. बौद्ध संघ एखाद्या जागी वस्तीला येतो तेव्हा तेथल्या मूळ मालकाशी त्याला नाते जोडावे लागते, असा त्या विचाराचा रोख. नाग हा भारतीय कल्पनेत पाण्याचा आणि पावसाचा धनी. मग या घळीतल्या नागाचे घर कोठे असणार? आमच्यासारख्या खेड्यातून आलेल्या माणसांना याचे उत्तर द्यायला ग्रंथ उघडावा लागत नाही. डोहात काहीतरी राहते, त्याला विचारल्याशिवाय उतरू नये, हे आम्हाला लहानपणी सांगितलेले आहे. सातकुंडांपैकी खालच्या कुंडाकडे पाहिल्यावर वराहदेवाने नागाला पायऱ्यांपाशी आसन का दिले असावे, ते कळल्यासारखे वाटते. हा आमचा तर्क आहे, पुरावा नव्हे.

पायऱ्यांचीही एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. आज सर्व लेण्यांना जोडणारी जी वाट आपण चालतो ती आधुनिक आहे. प्राचीन काळी बहुतेक लेण्यांना खाली नदीपर्यंत उतरणारा स्वतंत्र जिना होता. अर्थात कोणत्याही लेण्यात जायचे तर आधी नदीच्या काठावर यावे लागे आणि तेथून वर चढावे लागे. आज आपण लेणी पाहता पाहता, जमले तर नदी पाहतो. तेव्हाचा यात्रेकरू नदीतून लेण्याकडे येत होता. ह्युएनत्संग सातव्या शतकात महाराष्ट्रात आला. बहुधा तो स्वतः या घळीत उतरला नाही, ऐकीव माहिती लिहिली; तरी देशाच्या पूर्व सीमेवरील अंधाऱ्या दरीतल्या विहाराचे आणि दारातल्या दगडी हत्तींचे त्याचे वर्णन विद्वान अजिंठ्याचेच मानतात. सोळाव्या लेण्याच्या जिन्याशी आजही दोन हत्ती आहेत. त्याला सांगणाराही जिन्यानेच वर गेला असला पाहिजे.

जाता जाता आमच्या भागाविषयी एक टीप. हरिषेण हा वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा, आणि वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. वाशीमहून अजिंठ्याकडे सरळ यायचे तर आजचा बुलढाणा जिल्हा ओलांडावा लागतो. तरीही आमच्याकडचा माणूस अजिंठ्याला 'मराठवाड्यातली लेणी' म्हणतो, आणि त्याला कारण आहे. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. अजिंठा निजामाच्या राज्यात राहिला. डोंगर एकच, पण कचेऱ्या दोन. नागपुरात अध्यापन करणाऱ्या मिराशींचे अजिंठ्याच्या लेखाचे संपादन हैदराबादच्या पुरातत्त्वीय ग्रंथमालेत निघाले, ते यामुळेच. पाणी मात्र या सीमा मानत नाही. आमच्या तालुक्यातली नळगंगा पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला. वाघूरही शेवटी तापीलाच जाते.

पाण्याचे एवढे गुणगान केल्यावर त्याच्या दुसऱ्या बाजूकडे डोळेझाक करणे अप्रामाणिकपणाचे होईल. अजिंठ्याच्या चित्रांचा मोठा शत्रू पाणीच आहे. ही चित्रे ओल्या गिलाव्यावर काढलेली नाहीत. माती, भुसा, तंतू यांच्या लेपावर, सुकल्यानंतर, रंग चढविलेला आहे. खडकाच्या भेगांतून पाझर आला की लेप सुटतो. ओल, वटवाघळे, कीटक यांनी जे गेले ते गेले. उरलेले जपण्यासाठी निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात इटलीहून दोन तज्ज्ञ आणले, आणि त्यांनी लावलेला लाखेचा लेप पुढे पिवळा पडून नवा प्रश्न उभा राहिला. डोंगरमाथ्यावरचे पावसाचे पाणी लेण्यांपासून वळवणे हे पुरातत्त्व खात्याचे जुने आणि न संपणारे काम आहे. गंमत अशी की प्रतिकृतींना पाण्याने काही केले नाही. गिल यांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत आणि ग्रिफिथ्स यांच्या कित्येक १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत जळाल्या. मूळ चित्रे, अर्धीमुर्धी का होईना, पंधराशे पावसाळे काढून उभी आहेत.

रॉबर्ट गिल यांच्यापाशी मराठी वाचक येतो तो इतिहासाच्या वाटेने नव्हे, ना. धों. महानोर यांच्या 'अजिंठा' या दीर्घकवितेच्या वाटेने. गिल आणि पारो यांच्याविषयीचा कागदोपत्री पुरावा तोकडा आहे. अजिंठा गावात पारोची कबर आहे, तिच्यावर गिल यांनी लिहविलेला मजकूर आहे, त्यात मे १८५६ मधील मृत्यूची तारीख आहे. एवढ्या आधारावर महानोरांनी जे उभे केले ते काव्य आहे, आणि विद्यार्थ्यांनी ते इतिहास म्हणून उत्तरपत्रिकेत उतरवू नये, असे आम्ही दरवर्षी बजावतो. परंतु एका बाबतीत या कवीने इतिहासकारांवर मात केली आहे. महानोर पळसखेडचे, अजिंठ्याच्या डोंगराच्या कुशीतले शेतकरी. या रानाचे चारही महिने त्यांना घरचे होते. 'रानातल्या कविता' लिहिणाऱ्या कवीला अजिंठा दिसला तो पाहुण्याला दिसतो तसा हिवाळी नव्हता. १८१९ नंतर प्रथमच अजिंठ्याविषयी असा कोणी लिहीत होता, ज्याने त्या घळीवर येणारा पाऊस पेरणीच्या चिंतेने पाहिला होता. नितीन देसाई यांनी या कवितेवर २०१२ मध्ये चित्रपट काढला. २०२३ च्या अधिक श्रावणात, २ ऑगस्टला देसाई गेले आणि ३ ऑगस्टला महानोर.

आज पावसाळ्यात अजिंठ्याला गर्दी होते, आणि ती बरीचशी धबधब्यासाठी होते. या गर्दीविषयी नाक मुरडण्याची आमची जुनी सवय आहे. लेणी सोडून पाणी काय पाहता, असे आम्ही मनात म्हणत असू. आता तसे म्हणवत नाही. वाहने फर्दापूरच्या फाट्यावर ठेवावी लागतात, तेथून सुमारे चार किलोमीटर बसने जावे लागते, ही व्यवस्था रानाच्या आणि चित्रांच्या हिताची आहे. समोरच्या डोंगरावरील दृश्यबिंदूवरून सारी कमान आणि सातही उड्या एका नजरेत येतात, पण तेथील निसरड्या कडेचे भान सर्वांना नसते. २०२३ च्या जुलैत सेल्फी घेताना एक तरुण तोल जाऊन कुंडात पडला. पोहता येत असल्याने तो तगला आणि दोर टाकून त्याला वर काढावे लागले. आमच्या सहलीतही दोन मुले कठड्यापलीकडे गेलीच. पहारेकऱ्याने शिट्टी वाजवून परत बोलावले आणि आम्हा शिक्षकांना चार शब्द सुनावले. ते आम्ही मुकाट्याने ऐकून घेतले.

गिल १८७९ मध्ये वारले. त्यांचे दफन भुसावळला झाले, आणि भुसावळ तापीच्या काठी आहे. यंदाच्या सहलीत परतताना तेथवर जाऊन यावे, असा आमचा विचार आहे. तारीख भाद्रपदातली ठरवली आहे. प्राचार्यांकडे अर्ज दिला आहे, आणि कारणाच्या रकान्यात काय लिहावे यावर विभागात अजून एकमत व्हायचे आहे.